शेवटच्या घरापासून

पद्माकर पिंपळापुरेला आमच्या ऑफिसात सगळे ‘पद्मा’ म्हणत. आमची बॉस वेंडी त्याला पहिल्याच दिवशी ‘पद्मा’ म्हणाली आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. सहा फूट उंची, झुबकेदार मिशा, आणि कुणी ‘पद्माऽ’ अशी हाक मारली की हा शांतपणे मान वर करणार. मला हसू आवरायचं नाही. “अरे, सांग ना तिला, हे माझ्या आत्याचं नाव आहे म्हणून,” असं मी कितीदा म्हटलं. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, “जाऊ दे गं उल्का. आत्याची काही तक्रार नाही.”

त्याला सिंगापूर सोडून आता तीन वर्षं होतील. मी अजून इथेच आहे, बुओना व्हिस्टाच्या त्याच ब्लॉकमध्ये, त्याच भाड्याच्या फ्लॅटमध्ये. वरच्या मजल्यावर, जिथे पद्माकरचं कुटुंब राहायचं, तिथे आता एक कोरियन जोडपं आलंय. चांगली माणसं आहेत, भेटली की वाकून नमस्कार करतात. पण शनिवारी दुपारी वरून फोडणीचा वास येत नाही, आणि मला उगाचच त्या बिचाऱ्यांचा राग येतो.

आम्ही दोघं वन-नॉर्थ भागातल्या एका लहानशा कंपनीत होतो. तिचं नाव सांगण्यासारखं नाही, आता ते राहिलेलंही नाही. काम मात्र सांगण्यासारखं होतं. आफ्रिकेतल्या देशांना मलेरियाच्या गोळ्या लागतात. गोळ्या बनायच्या भारतातल्या कारखान्यांत, पण त्यांतलं मुख्य औषध निघतं एका झाडपाल्यातून, आणि तो पाला पिकवतात चीन आणि व्हिएतनाममधले शेतकरी. लावणी, कापणी, अर्क काढणं, गोळ्या पाडणं आणि मग बोटीने तिकडे पोचवणं, ह्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणजे पुढच्याच्या पुढच्या पावसात तिकडे किती लेकरं तापाने फणफणणार, हे कुणीतरी आज सांगायचं. कमी सांगितलं तर दवाखान्यात गोळी नाही. जास्त सांगितलं तर दोन वर्षांत मुदत संपते आणि गोळ्या जाळाव्या लागतात. हे सांगणारा कुणीतरी म्हणजे पद्माकर. मी कारखान्यांचं आणि बोटींचं बघायचे.

त्याच्या टेबलावर एका पेल्यात त्या झाडाची वाळकी डहाळी असायची. मी नवीन असताना सहज हुंगली आणि ओरडलेच, “अरे, हा तर दवणा!” मी साताऱ्याकडची. चैत्रात जोतिबाला जाऊन दवणा वाहिलेली पोर मी, माझं नाक चुकणार नव्हतं. पद्माकरने शोधून काढलं, तर खरोखरच दोन्ही एकाच कुळातली निघाली. तेव्हापासून दर चैत्र पौर्णिमेला माझ्या कीबोर्डवर त्याची एक डहाळी ठेवलेली असायची. घरापासून इतक्या लांब, एसीने गारठलेल्या त्या काचेच्या इमारतीत, मला गुलालाने माखलेला डोंगर दिसायचा आणि डोळे भरून यायचे. पद्माकर समजून त्या दिवशी माझ्याशी कामाचं काही बोलायचा नाही.

मलेरियाचं वेड त्याच्या घरातच होतं. त्याचे वडील, नाना, चंद्रपूरकडे हिवताप कर्मचारी होते. सायकलवर पिशवी अडकवून जंगलातल्या गावांतून हिंडायचं, ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकायची. पद्माकर सुट्टीत त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून जायचा. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. मोहाच्या झाडाखाली सोडलेली भाकरी, ओढ्याचं पाणी, गावात शिरताना नानांनी मारलेली घंटी, हे सगळं तो इतक्या वेळा सांगायचा, की मीच त्या कॅरिअरवर बसले होते असं मला वाटायला लागलं.

नानांची एक पद्धत होती. इतर कर्मचारी गावाच्या वेशीपासून सुरू करायचे. नाना आधी गाव ओलांडून पार पलीकडच्या टोकाला जायचे आणि शेवटच्या घरापासून सुरुवात करायचे. कारण गोळ्या नेहमीच कमी पडायच्या आणि दर वेळी त्या शेवटच्या घराआधीच संपायच्या. वेशीजवळचा माणूस चालत आरोग्य केंद्रावर येऊ शकतो, शेवटच्या घरातला येत नाही. वरिष्ठ त्यांना चक्रम म्हणायचे. पद्माकरला मात्र ह्या चक्रमपणाचा केवढा अभिमान!

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर नाना सिंगापूरला मुलाकडे आले. पद्माकरची आई जाऊन वर्ष झालं होतं. खादीचा शर्ट, पायात चपला, आणि बोलताना अधूनमधून ‘अरे बाप्पा’. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला, चिनी असो की मलय, हात जोडायचे. खाली बाकावर बसून चिनी म्हाताऱ्यांचा पटाचा खेळ बघायचे. एकमेकांची भाषा येत नसताना त्या लोकांचं कशावर जमायचं कोण जाणे, पण नाना दिसले नाहीत की एक आजोबा वर पाहून हाका मारायचे.

त्याच डिसेंबरात आमच्या ऑफिसात केक कापला गेला. समुद्रकिनारा नसलेला, आफ्रिकेच्या पूर्वेकडचा एक देश होता, त्याच्या आतल्या जिल्ह्यांचे आकडे आले होते. गोळ्यांचा वापर दोन वर्षांत अर्ध्यावर, आणि आता तर जवळजवळ शून्यावर. तिकडे मच्छरदाण्या वाटल्या होत्या, त्यांनी काम केलं असं सगळ्यांनीच मानलं. पद्माकरने पुढच्या मागणीचा अंदाज त्याच हिशेबाने खाली आणला, आणि वेंडीने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी केकचा तुकडा टिश्यूत गुंडाळून तो घरी घेऊन आला. मी बरोबरच होते. “नाना,” तो दारातूनच म्हणाला, “तिकडचा ताप हटतोय. गोळ्या लागतच नाहीयेत आता.” नानांनी केक हातात घेतला, देवाजवळ ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, “बघून डोळे मिटायचे होते रे. ऐकायला मिळालं, तेही खूप आहे.”

आता पोळ्यांचं सांगते.

पद्माकरची बायको नीता पुण्याची. बाई गुणाची, हाताला चव, पण पोळ्या मोजून करणार. सकाळी कामावर जायच्या आधी प्रत्येकाच्या नावाच्या पोळ्या लाटून डबा भरायचा, त्यात कमी नाही की जास्त नाही. मला जेवायला बोलावलं तरी आधी विचारायची, “उल्का, तुझ्या किती धरू?” पहिल्यांदा मी ऐकतच राहिले. आमच्याकडे पाहुण्याला असं विचारलं तर आजीने लाटणं हातात घेतलं असतं, आणि ते पोळ्यांसाठी नव्हे. पण नीताचंही बरोबर होतं. दिवसभर नोकरी, लेक इरा शाळेत, शिळ्या पोळ्या कुणी खात नाही, मग वाया का घालवायच्या?

जानेवारीतला एक शनिवार होता. चिनी नववर्ष तोंडावर आलं होतं, लिफ्टपाशी संत्र्यांची झाडं आणि लाल कंदील लागले होते. दुपारी मी न सांगताच वर गेले. साताऱ्याची असल्यामुळे मला ती सवय, आणि नीताला त्याचा ताप. पानं घेतली होती. नाना नेहमीसारखे शेवटी बसायचे. “पोर शाळेतून दमून येते, तुम्ही कामावरून येता. मी तर बसलेलाच असतो,” असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांची पानं होत आली की मग त्यांचं ताट.

त्या दिवशी मी खाल्लेली एक पोळी मोजणीत नव्हती. डबा नानांपर्यंत गेला तेव्हा त्यात एकच पोळी होती. नानांनी झाकण उचललं, पाहिलं, आणि हसून म्हणाले, “मला एकच पुरे आज. भूकच नाही रे बाप्पा.”

“Nana, eat lah,” इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “You always say enough.”

“अगं, त्यांची भूक खरंच कमी झालीये,” नीता काळजीने मला सांगायला लागली. “आले तेव्हा चार खायचे. मग तीनवर आले, आता दोनवर. म्हणून मी हल्ली दोनच धरते त्यांच्या. डॉक्टरला दाखवायला हवं. शर्ट बघ ना कसा लोंबायला लागलाय.”

मला राग आला की मागचापुढचा विचार राहत नाही. “डॉक्टर कशाला?” मी म्हटलं. “अगं, तू दोन धरतेस म्हणून ते दोन खातात! डब्यात असेल तेवढंच माणूस खाणार ना? कधी चार ठेवून बघितलंस का?”

नीताचा चेहरा पडला. नाना घाईघाईने, “नाही नाही, तसं काही नाही,” म्हणायला लागले. ती उठली, परातीत कणीक घेतली आणि मळायला बसली. तिचे डोळे वाहत होते आणि हात चालत होते. तव्यावरून पहिली गरम पोळी नानांच्या ताटात आली. नको नको म्हणत त्यांनी ती खाल्ली. मग दुसरी, तिसरी. चौथीला नको म्हणायचंही ते विसरले. म्हातारा माणूस मान खाली घालून भराभरा जेवत होता, आणि आमच्यापैकी कुणाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पद्माकर हातातला घास हातातच धरून बसला होता. त्याची नजर त्या रिकाम्या डब्यावर होती. मला वाटलं, बापाची आबाळ झाली म्हणून त्याला लागलं. लागलं होतंच. पण तो उष्ट्या हाताने उठला आणि म्हणाला, “उल्का, ग्रेसचा नंबर आहे तुझ्याकडे?”

ग्रेस म्हणजे त्या देशाच्या मुख्य औषध भांडारातली बाई, आमचं तिच्याशी मेलवर बोलणं व्हायचं. तिकडे सकाळच होती. पद्माकरने फोनवर तिला फक्त एक गोष्ट विचारली. आतल्या जिल्ह्यांत गोळ्या किती खपल्या ते नको, शेवटचं खोकं कधी रिकामं झालं ते सांग.

“पाऊस सुरू व्हायच्या आधीच,” ग्रेस म्हणाली. “मागच्या वर्षीही तसंच झालं. गोळ्या राजधानीतून निघतात आणि वाटेतच संपतात. टोकाच्या दवाखान्यांत पोचतच नाहीत. तिथल्या नर्स वापर शून्य लिहितात, दुसरं काय लिहिणार?”

“आणि ताप?”

“तापाला काय झालंय,” ग्रेस म्हणाली. “तो आहे की.”

फोन ठेवून तो भिंतीला टेकून बसला. मग नानांकडे पाहून म्हणाला, “नाना, मी तुम्हाला खोटं सांगितलं हो. ताप हटला नाही. गोळ्याच नव्हत्या. आणि मी त्यांच्या अजून कमी केल्यात.” नानांनी ताटातच हात धुतला. मग त्यांनी विचारलं, “आता वाढवता येतील?”

“येतील. पण चिनी नववर्षाआधी सांगायला हवं. सण झाला की शेतकरी लावणी करतात, मग वर्ष गेलं. आणि खरी मागणी किती ते मोजलेलंच नाही कुणी. पुरेल इतकं सांगायचं तर थोडं वरच सांगावं लागेल. उरलं तर मला काढतील.”

सिंगापुरात आमच्यासारख्यांना काढतील म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नोकरी गेली की पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, पास गेला की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. इराची शाळा, तिच्या मैत्रिणी, नीताची नोकरी, दहा वर्षांचा मांडलेला संसार, सगळं त्या एका पासवर उभं होतं. नीता हातात लाटणं घेऊन उंबऱ्याशी उभी होती. पीठ लागलेल्या हाताने तिने केस मागे सारले.

“उरू देत,” ती म्हणाली. नाना तिच्याकडे बघत राहिले.

सोमवारी तो वेंडीसमोर बसला. खाली लॉबीत सिंहनृत्याचे ढोल वाजत होते, त्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि म्हणून मला बाहेर सगळं ऐकू आलं. ज्या आकड्यासाठी केक कापला तोच चुकीचा होता, हे बॉसला ओरडून सांगणं सोपं नसतं. वेंडी वाईट नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “पद्मा, मी सही करते. पण उरलं ना, तर मी तुला वाचवू शकणार नाही हं. खरंच नाही.” तो म्हणाला, “चालेल.”

त्या चालू पावसाचं आमच्या हातात फारसं नव्हतं. दुसऱ्या देशांच्या साठ्यातून मागून-मागून, हातापाया पडून, थोड्या गोळ्या विमानाने पाठवल्या. ग्रेसला पद्माकरने एकच विनंती केली. ट्रक राजधानीत रिकामा करायचा नाही. थेट टोकाच्या दवाखान्यापर्यंत न्यायचा आणि तिथून वाटत वाटत मागे यायचं. ग्रेसने विचारलं, ही कुठली पद्धत? “आमच्या चंद्रपूरची,” पद्माकर म्हणाला.

त्यानंतरचे दिवस माझ्या सिंगापूरमधले सगळ्यात सुंदर दिवस. नाना मार्चपर्यंत होते. नीता आता पोळ्या मोजत नसे, आणि रोज एक तरी उरेल इतक्या करायची. डबा उघडून त्यात पोळी दिसली की पद्माकर म्हणायचा, “पोचलो.” उरलेल्या पोळीचा नीता दुसऱ्या दिवशी कुस्करा करायची, शेंगदाणे घालून, वर लिंबू पिळून. तो खायला मी नेमाने वर जायचे. नानांचा शर्ट पुन्हा अंगासरसा बसायला लागला. जाताना त्यांनी खालच्या चिनी आजोबांना मिठी मारली, आणि दोघंही आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत राहिले.

त्या लावणीच्या गोळ्या पुढच्या वर्षाच्या पावसाआधी पोचल्या. टोकापासून वाटल्या गेल्या. पाऊस ओसरल्यावर ग्रेसने एक फोटो पाठवला. सगळ्यात लांबच्या दवाखान्यातलं उघडं खोकं, आणि तळाशी काही पाकिटं शिल्लक. बाकी काही नाही. पद्माकरने तो फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. येणारेजाणारे विचारायचे, हे काय, रिकामं खोकं? तो म्हणायचा, “नीट बघ. रिकामं नाहीये.”

दोन हजार सोळाच्या शेवटी हिशेब झाला. दोन पावसाळे निघाले होते, आणि त्या साठ्यातल्या थोड्या गोळ्यांची मुदत संपली होती. फार नव्हत्या, पण जाळाव्या लागणार होत्या. वेंडी तोवर दुसरीकडे गेली होती, तिच्या जागी आलेल्या माणसाला एवढंच दिसत होतं की अंदाज जास्त निघाला आणि माल वाया गेला. पद्माकरच्या पासाचं नूतनीकरण कंपनीने केलं नाही. मी त्या नव्या साहेबाच्या खोलीत जाऊन इतकी भांडले, की माझाही पास जातोय की काय असं लोकांना वाटलं. उपयोग काही झाला नाही.

दुपारी आम्ही दोघं हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांत कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, घेऊन बसलो. मी त्याला कसं समजवावं ह्याच्या विचारात होते, आणि हा मिशीतल्या मिशीत हसत होता. मला संताप आला. “हसतोस काय? इराला काय सांगणार आहेस?”

“तिला सांगितलंय. खूप रडली. अजून रडेल,” तो म्हणाला, आणि त्याचं हसू क्षणभर मावळलं. “पण उरल्या ना उल्का! कुणी आलं आणि गोळी नाही म्हणून परत गेलं, असं झालं नाही. दोन पावसांत एकदाही नाही.”

मग त्याने नानांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकरवर.

“नाना, गोळ्या उरल्या.”

“काय?”

“उरल्या! तिकडच्या गोळ्या उरल्या!” तो इतक्या जोरात ओरडला की नूडल्सवाल्या मावशी झारा थांबवून बघायला लागल्या.

मग नानांचा आवाज आला, कापरा, पण स्वच्छ. “शेवटच्या घरी देऊन उरल्या?”

“हो नाना. शेवटच्या घरी देऊन.”

“आणि तुझी नोकरी?”

पद्माकरने माझ्याकडे पाहिलं. “गेली,” तो म्हणाला.

मी तोंड फिरवून पदपथाकडे बघत होते, कारण मला रडू आवरत नव्हतं.

“बरं,” नाना म्हणाले. “मग या आता घरी.”